सातव्या ताटाची दिशा

कलावंताची प्रेरणा ही गहन, पवित्र आणि बहुधा एकांतात लाभणारी गोष्ट आहे. तिच्यासाठी हिमालयात जावं लागतं, लेण्यांत बसावं लागतं, निदान समुद्राकडे तोंड करून बराच वेळ गप्प उभं राहावं लागतं.

आदिती मगदूमला ती कोल्हापूरच्या शाहूपुरीत गटारीच्या झाकणावर मिळाली होती. भाजी घेऊन परत येताना झाकणावरची चौकटींची नक्षी तिला इतकी आवडली, की पिशवी बाजूला ठेवून ती रस्त्यातच बसली. पर्समधून ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा काढला, थापटला, झाकणावर दाबला आणि ठसा घेऊन घरी आली. मेथी तिथंच राहिली. त्या ठशावरून पुढे सहा कप झाले. त्यातल्या एकात तिचा नवरा जिनेश रोज चहा पितो. नक्षी कुठली, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आदितीची काम करायची पद्धतच ही होती. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, तिच्या पर्समध्ये माती असे. मिसळीच्या हॉटेलात बाकड्याच्या पत्र्याला भोकं दिसली, की मिसळ यायच्या आत तिचा ठसा घेऊन व्हायचा. शेवेच्या सोऱ्याची ताटली, बसच्या पायरीचा खडबडीत पत्रा, चपलेची वेणी, कबनूरच्या मागावरून आलेल्या कापडाची किनार, काहीही चालायचं. एका लग्नात तर तिनं नणंदेच्या साजाचा ठसा तो गळ्यात असतानाच घेतला होता. जेवणाच्या पंगतीत नणंदेनं विचारलं, "वैनी, माझ्या मानेला गार काय लागलं वो?" आदिती म्हणाली, "अत्तर."

जिनेशचं शाहूपुरीत शेतीपंपांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर आदितीचा स्टुडिओ. खाली पाणी उपसायची यंत्रं आणि वर पाणी न गळणारी भांडी, असा संसार नीट चालला होता. अडत होतं एकाच ठिकाणी.

पुण्यात दरवर्षी 'माती : एक मौन' नावाचं प्रदर्शन भरत असे. सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातून त्यात फक्त एका सिरॅमिक कलावंताची निवड व्हायची, तीही चाळिशीच्या आतल्या. निवड झाली, की त्या माणसाला लोक कलावंत म्हणत. तोपर्यंत कप करणारी बाई म्हणत. आदितीनं दोनदा अर्ज केला होता. अर्जात एक रकाना होता: 'आपली प्रेरणा (दोनशे शब्दांत)'. पहिल्या वर्षी तिनं खरं ते लिहिलं, सोऱ्याची ताटली. उत्तर आलं, 'प्रेरणा अस्पष्ट.' दुसऱ्या वर्षी तो रकाना जिनेशनं भरला. त्यानं 'निसर्ग' लिहिलं आणि पंपाच्या माहितीपत्रकातल्या चार ओळी जोडल्या. उत्तर आलं, 'प्रेरणा सर्वपरिचित.'

आता तिसरं वर्ष. येत्या मे महिन्यात तिला चाळीस पुरी होणार होती. म्हणजे हा शेवटचा अर्ज. नऊ मोठी ताटं, एकच विषय, आणि मार्चमध्ये निवडीला स्वतः क्युरेटर येणार. जानेवारी निम्मा संपला, तरी तिच्याकडे ताटंही नव्हती आणि विषयही नव्हता.

अशा मनःस्थितीत एका रविवारी ती सासरी शिरोळला निघाली होती. गाडी ती एकटीच चालवत होती, कारण जिनेश रविवारी दुकान उघडं ठेवायचा. कॅनॉलच्या वळणावर रस्त्याच्या कडेला पाणी पाझरून चिखल झाला होता, आणि नुकताच एक उसाचा ट्रॅक्टर त्यातून गेला होता.

तिनं ब्रेक दाबला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं तिच्या माहेरची चौकशी केली. तिला ते ऐकूच आलं नाही. ती उतरून चिखलाजवळ गेली आणि गुडघ्यावर बसली.

मागच्या चाकाचा पट्टा चिखलात असा उमटला होता, की जणू कुणी हातभर रुंद पट्टीनं कोरून काढलाय. खोल, स्वच्छ, तिरप्या रेघांचे बाणामागून बाण. त्यांच्या कडांवर उन्ह पडलेलं, खोबणीत पाणी साठलेलं. गोळा काढला, पण तो लिंबाएवढा आणि समोरचा बाण ताटाएवढा. इथं नखाएवढी माती घेऊन काय करणार? ती नुसतीच वाकून बघत राहिली.

पाच मिनिटांत चार माणसं जमली.

"वैनी, काय हरवलं व्हय?"

"नाही हो. काही नाही."

"कानातलं असंल. अरं, त्या अंगाला बघ की. पाय दिऊ नगोस."

दोघं जण वाकून कानातलं शोधायला लागले. आदितीनं सांगितलं, की काहीही हरवलेलं नाही, ती टायरचा ठसा बघतेय. हे ऐकून सगळ्यात पुढचा माणूस सरळ उभा राहिला.

"कुणाला उडवलं?"

"कुणालाच नाही."

"गाडी पळून गेली न्हवं? नंबर बघितलासा काय?"

"अहो, सुंदर आहे म्हणून बघतेय."

त्यानं चिखलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या गाडीकडे. आवाज खाली आणून विचारलं, "घर कुठलं वो तुमचं?"

"तात्यासो मगदुमांची सून मी."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ओळख पटल्याचा आनंद होता आणि तात्यासोंबद्दल सहानुभूती होती. "मग बघा की निवांत."

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तात्यासो बाहेरच्या सोप्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे, पांढरी टोपी, एकरी उसाच्या टनांवर बोलायला लागले की थांबत नसत. बाकी विषयांवर सुरूच होत नसत.

"कॅनॉलच्या वळणावर चिखलात बसलीतीस म्हणं."

"हो, तात्या."

"खुर्ची दिली असती की घरनं."

आदितीनं दम घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं. मोठी मोठी मातीची ताटं करायची, ओली असतानाच त्यांच्यावरून ट्रॅक्टर न्यायचा, भट्टीत भाजायची आणि भिंतीवर लावायची. सांगताना तिचे हात हवेत फिरत होते. तात्यासो त्या हातांकडे बघत होते.

"ट्रॅक्टर मातीवरनंच जातो रोज."

"माझ्या मातीवरनं न्यायचाय."

"तुझ्या मातीत काय पिकतंय?"

सासूबाई अक्काताई आतून बाहेर आल्या. "केवढी परात म्हणालीस?"

"दीड फूट, आक्का."

"कणीक मळायला?"

"भिंतीला टांगायला."

अक्काताईंनी तिला आत नेऊन जेवायला बसवलं आणि ताटात एक भाकरी जास्तच वाढली. या घरात वाद मिटवायची तीच पद्धत होती.

पण तात्यासोंना सुनेचं मन मोडवेना. पुढच्या रविवारी ती गाडीच्या डिकीत मातीची जाड लादी घेऊन आली, तेव्हा ते स्वतः ट्रॅक्टरवर बसले. लादी अंगणात फळीवर ठेवली. पुढचं चाक पुढे गेलं, ट्रॅक्टर थांबला, लादी मागच्या चाकासमोर सरकवली, आदितीनं हात केला आणि तात्यासोंनी क्लच सोडला.

चाक लादीवरून गेलं. लादी फळीवर नव्हती. ती टायरला चिकटून, एक गिरकी मारून, फाटकातून बाहेर निघाली होती. आदिती मागे पळाली. तात्यासोंना वाटलं, सून आनंदानं पळतेय, म्हणून त्यांनी वेग थोडा वाढवला. मातीचा एक तुकडा विजेच्या खांबापाशी सापडला, एक दूध डेअरीच्या दारात, आणि उरलेला टायरवरच बसून परत आला.

"आला काय ठसा?" खाली उतरून त्यांनी विचारलं.

"ठसा तुमच्याबरोबर फिरायला गेलता."

पुढचे बारा दिवस आदितीनं स्टुडिओत एका जुन्या टायरवर प्रयोग केले. मातीवर पावडर मारली, तर नक्षी बोथट झाली. प्लास्टिक घातलं, तर सुरकुत्या आल्या. वर्तमानपत्र घातलं, तर ठसा आला, पण त्यात श्रद्धांजलीच्या जाहिरातीही आल्या. जिनेश दुकानातून वर यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "तू पुन्हा कपच कर की." त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्या हातात गटारीच्या नक्षीचा कप असायचा.

तिकडे शिरोळात मात्र या कामाला वेगळंच वळण लागलं होतं. गणपतरावांचा फोन आला होता. गणपतराव तात्यासोंच्या शेजारच्या रानाचे मालक. गेली तीस वर्षं दोघांत एकरी टनांवरून चुरस होती. दोघं एकमेकांच्या लग्नकार्यात पुढे असत, पण उसाचा काटा झाला की आधी दुसऱ्याचा आकडा विचारत.

"तात्यासो, सुनंचं काम अडलंय म्हणं. आमचा ट्रॅक्टर घ्या की. मागलं उजवं टायर नवं हाय, औंदाच घातलंय. पुतण्यानं सोता बसवलंय."

"आमचं टायर काय जुनं न्हाय."

"जुनं कुठं म्हणालो मी? झिजलंय म्हणालो."

"न्हाय म्हणालास तू तसं."

"आता म्हणतो की."

फोन ठेवला आणि तात्यासोंनी कोल्हापूरला फोन लावला. "आदिती, येत्या रविवारी कर. नऊ ताटं म्हणालीस न्हवं? नऊ ट्रॅक्टर आणतो. पैला आपला." मातीबद्दल त्यांचं मत तेच होतं. गणपतरावांबद्दलचंही तेच होतं. पण आता दोन्ही मतं एकाच दिशेला ओढत होती.

तो रविवार उजाडला तो गलक्यानंच. तात्यासोंनी विचार केला होता. अंगणात त्यांनी वीतभर खोल, चौकोनी खड्डा काढून घेतला होता. त्यात फळी, फळीवर लादी, आणि दोन्ही अंगांना सागवानी ओंडके. चाकाचं वजन ओंडक्यांनी पेलायचं आणि लादीनं फक्त ठसा घ्यायचा. आदिती त्या खड्ड्याकडे बघतच राहिली. एवढा साधा विचार तिला बारा दिवसांत सुचला नव्हता.

"तात्या, हे कसं सुचलं?"

"कसं म्हंजे? वजन उचलायचं ज्यानं त्यानं. लादीनं का उचलावं?"

आठ ट्रॅक्टर ओळीनं रस्त्यावर उभे राहिले. धुतलेले, पुसलेले, दोघातिघांना झेंडूच्या माळा. कुणीतरी हलगीवाला बोलावला होता. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायका माडीवर, पोरं भिंतीवर. गणपतराव अजून आले नव्हते, पण त्यांची बातमी त्यांच्याआधी आली. बेंदराला बैलांची शिंगं चोळावीत तसं गणपतरावांनी आपलं टायर शेंगतेलानं चोळून काढलंय, नुसतं आरशागत चमकतंय, फोटो पुण्याला जाणार म्हणून.

मग आठही ट्रॅक्टरवाले तेल शोधायला लागले. तात्यासोंनी स्वतः घरात जाऊन पाच लिटरचा कॅन आणला.

"आज टायरला तेल," अक्काताई दारातून म्हणाल्या, "उद्या इंजिनाला काजळ घाला."

आदिती घाबरली. माती आणि तेल? ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सांगायला लागली, नको, तेल नको, मातीला तेल चालणार नाही. पण चोळणारे हात थांबेनात. एक जण म्हणाला, "वैनी, गणपतरावाचं चमकतंय आन् आमचं न्हाय, असं कसं?" आठ टायर काळी कुळकुळीत चमकायला लागली आणि सगळ्या गल्लीला भजी तळल्यासारखा वास सुटला.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. तात्यासो ट्रॅक्टरवर चढले. पुढचं चाक ओंडक्यांवरून गेलं.

"थांबा." लादी खड्ड्यात बसली. "आता या. हळू. हळू या."

चाक वर आलं, लादीवर बसलं, गेलं. आदितीनं डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा लादी जागेवर होती.

जागेवर होती आणि तिच्यात बाण होते. खोल, धारदार, कडा अशा की नख लागलं तर कापेल. टायरच्या रबरावरची बारीक अक्षरं, रेघा, एका खड्याची खाच, सगळं उमटलेलं. आणि टायरला मातीचा कणही नाही. बारा दिवस जे पावडरीनं झालं नाही, प्लास्टिकनं झालं नाही, ते शेंगतेलानं झालं होतं, आणि तेही मातीसाठी नव्हे, गणपतरावांवर मात करण्यासाठी.

"आक्का, सुटली!" आदिती ओरडली. हलगी वाजायला लागली. सुटलं काय, हे हलगीवाल्याला माहीत नव्हतं.

दुसरा, तिसरा, चौथा. "थांबा, ठेवा, या." प्रत्येक लादी वेगळी उमटत होती. एकाचं टायर झिजलेलं, म्हणून बाण मऊ, गवताच्या पात्यांसारखे. एकाच्या टायरला चीर गेलेली, ती मातीत नदीसारखी वळलेली. आदितीचे केस सुटले होते, कोपरापर्यंत माती होती. ती प्रत्येक लादीवर वाकायची, कडेला खिळ्यानं नंबर घालायची, ट्रॅक्टर कुठल्या दिशेला गेला त्याचा एक छोटा बाण कोरायची, वर दुसरी फळी झाकायची आणि पुढच्याला हात करायची. ट्रॅक्टरवाले उतरले, की आपापला ठसा बघून घेत आणि शेजाऱ्याचा बघून हसत.

"तुझं टायर लई हडकलंय रं."

"हडकू दे. वैनी म्हणाल्या, गवतावानी दिसतंय. तुझं कशावानी दिसतंय? इचार जा."

सहा झाले, तेव्हा गणपतराव आले. डोक्याला फेटा, टायर चमकदार, पण बाकीचा ट्रॅक्टर चाकांच्या वरपर्यंत चिखलानं माखलेला. रानातून निघतानाच रुतला होता. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढायला दीड तास गेला. टायर दुसऱ्यांदा धुऊन, दुसऱ्यांदा तेल लावून आले होते.

"औंदा तिसऱ्यांदा रुतला की वो गणपतराव," तात्यासो म्हणाले.

"रुतणारच. आमची जमीन भारी हाय. हलक्या जमिनीत कुणाचाबी ट्रॅक्टर पळतो."

"नवं टायर हाय न्हवं?"

"टायरला काय धाड भरली? कस हाय जमिनीला. धरून ठेवती."

त्यांचा नंबर सातवा आला. फेटा सावरत त्यांनी स्वतः ट्रॅक्टर नेला. ठसा स्वच्छ उमटला, नव्या टायरचा, भरदार. आदितीनं कडेला सात घातला, बाण कोरला, फळी झाकली. गणपतरावांना आपला ठसा नीट बघायला मिळाला नाही, कारण मागे दोघं खोळंबले होते आणि दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची होती.

पुढचे तीन आठवडे ती स्टुडिओतून फारशी खाली उतरली नाही. लाद्या फळ्यांत दाबून सावकाश वाळवल्या. कडा उचलून त्यांची ताटं केली. पहिली भाजणी झाली. मग तिला आठवलं, की उसाच्या पाचटाची राख शिरोळात ढिगानं पडून असते आणि राखेपासून भांड्यावरची झिलई, म्हणजे ग्लेझ होतं. तात्यासोंनी दोन पोती राख पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपल्याच पाचटाची आहे. गणपतरावाची मिसळलेली नाही.'

दुसऱ्या भाजणीनंतर भट्टी उघडायला दीड दिवस थांबावं लागतं. आदिती दर तासानं भट्टीला हात लावून बघायची. जिनेशनं दुकान दोनदा बंद करून दोनदा उघडलं. शेवटी दार उघडलं. बाणांच्या खोबणीत राख वितळून काकवीसारखी दाट तपकिरी साठली होती. उंच कडांवर हिरवट झाक होती. कोवळ्या उसाची.

"हे ट्रॅक्टरनं केलं?" जिनेशनं विचारलं.

"नऊ ट्रॅक्टरनी."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. कप खाली ठेवून त्यानं तिची वस्तू बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

अर्जातला रकाना तिनं या वेळी स्वतः भरला. 'प्रेरणा: ट्रॅक्टर.' एकशे नव्याण्णव शब्द शिल्लक ठेवले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्युरेटर आले. उन्मेष त्यांचं नाव. जाड्याभरड्या कापडाचा महाग झब्बा, चष्मा कपाळावर. बोलताना ते मध्येच थांबत, आणि थांबलेलं वाक्य समोरच्यानं मनात पूर्ण करावं अशी अपेक्षा असे. आदितीनं नऊही ताटं भिंतीला ओळीनं लावली होती. प्रत्येकाच्या कडेवरचा बाण वर, म्हणजे ट्रॅक्टर गेला ती दिशा वर. ती दाराशी उभी राहिली. मे महिना दोन महिन्यांवर होता.

उन्मेष पहिल्या ताटापाशी थांबले. दुसऱ्या. तिसऱ्या. सातव्यापाशी आले आणि हललेच नाहीत.

"हे..." ते म्हणाले.

आदितीनं निरखून बघितलं. सातव्या ताटाकडे नजर सारखी ओढली जाते, हे तिलाही भट्टी उघडल्यापासून जाणवत होतं. का, ते कळलं नव्हतं. आता आठांच्या शेजारी ते लख्ख दिसत होतं. आठ ताटांतले बाण एकीकडे आणि सातव्यातले उलटीकडे. उलटं लावलं की काय? पुढे होऊन तिनं कडेवरची खूण बघितली. सात, आणि बाण वर. बरोबर लावलं होतं.

"उलटं नाही लागलेलं," ती म्हणाली. "ते तसंच आलंय. टायर वेगळ्या कंपनीचं असेल कदाचित."

कंपनीचा विषय उन्मेषनी ऐकला नाही. "आठ जण जात आहेत," ते हळू म्हणाले. "आणि एक..."

"एक काय?"

"परत फिरला."

खाली दुकानात कुणीतरी पंप चालू करून बघत होतं. उन्मेष डोळे मिटून त्याची घरघर ऐकत राहिले. मग म्हणाले, "प्रेरणेचा रकाना तुम्ही एका शब्दात भरलात. दोनशे शब्द लिहिणारी माणसं मला रोज भेटतात. नऊही ताटं पुण्याला पाठवा. सातवं मध्ये लागेल."

ते जिना उतरून गेल्यावर आदिती स्टुडिओच्या फरशीवर बसली आणि हसायला लागली. मग फोन उचलला. शिरोळात तात्यासोंनी एकच प्रश्न विचारला, "मध्ये कुणाचं लागणार म्हणालीस?" आणि उत्तर ऐकून फोन अक्काताईंकडे दिला.

उद्घाटनाला शिरोळहून दोन गाड्या भरून माणसं आली. प्रदर्शनात आजवर एवढे फेटे कुणी बघितले नव्हते. अक्काताईंनी येताना डबाभर खपली गव्हाची खीर आणली होती. ती कुठल्या भिंतीपाशी ठेवायची, हे प्रदर्शनाची देखरेख करणाऱ्या मुलीला ठरवता येईना. दारातच मोठ्या अक्षरांत नाव होतं, 'आदिती मगदूम, कोल्हापूर'. त्याखाली कप करणारी असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. आदितीनं ते दोनदा वाचून घेतलं.

उन्मेषनी भाषण केलं. सातव्या ताटावर प्रकाश सोडला होता.

"हे ताट म्हणजे नकार आहे," ते म्हणाले. "आठ चाकं एका दिशेनं धावत आहेत, त्या दिशेला आपण प्रगती म्हणतो. आणि एक चाक, त्याच मातीवर, त्याच वाटेनं जाताना, आतून मागे वळतं. इथं माती बोलत नाही. माती..."

लोकांनी वाक्य मनात पूर्ण केलं आणि टाळ्या वाजवल्या.

गणपतराव टाळ्या वाजवत नव्हते. फेटा बगलेत धरून ते सातव्या ताटासमोर उभे होते. सकाळपासून भेटेल त्याला 'मधलं आमचं हाय' असं सांगत होते. आता फक्त ताटाकडे बघत होते. ते वाकले. ताटाच्या खोबणीतून बोट फिरवायला लागले. तिथली मुलगी म्हणाली, "काका, हात नका लावू."

"माझंच हाय," ते म्हणाले, पण नजर काढली नाही.

मग ते सहाव्या ताटापाशी गेले. तिथून आठव्यापाशी. तात्यासोंच्या पहिल्यापाशी जास्तच वेळ उभे राहिले. परत सातव्यापाशी आले आणि कडेवरचा खिळ्यानं कोरलेला बाण बघितला.

"ताई, ह्यो बाण म्हंजे मी गेलो ती बाजू न्हवं?" त्यांनी आदितीला विचारलं.

"हो. तुमचा ट्रॅक्टर गेला ती."

"पक्कं?"

"मीच कोरलाय, काका."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. उन्मेष आदितीच्या कानाशी लागले. "बघा. कुणी समजावलं नाही, भाषण नीट ऐकलंही नसेल. पण पोचलं. कलेचं काम हेच असतं. थेट..."

गटारीच्या झाकणापासून इथपर्यंतची सगळी वाट आदितीला दिसली.

गणपतराव दाराबाहेर गेले. तात्यासो हळूच त्यांच्या मागून गेले, आणि त्यांच्या मागून आदिती. पायऱ्यांवर उभं राहून गणपतरावांनी पुतण्याला फोन लावला होता.

"आदर्श, ट्रॅक्टर घरी हाय काय? जा आन् मागलं उजवं टायर बघ. उलटं बसवलंईस तू."

सोमवारी टायर सुलटं बसवलं. तेव्हापासून ट्रॅक्टर रुतलेला नाही.